लाल दोऱ्याचा पेला

काश्या, तुझ्या तेराव्याला माणसं एकामागून एक उठली आणि सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली. काशिनाथ टेलरने आयुष्यात कुणाला दुखावलं नाही. टोकावड्याला तुझ्या दुकानासमोर मांडव घातला होता आणि मी मागे, तू शिवायला बसायचास त्याच स्टुलावर बसलो होतो. मलाही बोलायला सांगितलं. एवढा जुना मित्र, खर्डीहून तीन एसट्या बदलून आलेला, दोन शब्द तर बोलायलाच हवेत. मी नको म्हटलं. उभा राहिलो असतो तर तोंडातून शिवी निघाली असती, आणि मेलेल्याला शिवी देणारा म्हणून सगळ्या मुरबाड तालुक्यात माझं नाव झालं असतं.

कुणाला दुखावलं नाही म्हणे. त्याच्या तासभर आधी सुमनवहिनींनी मला आत स्वयंपाकघरात बोलावलं होतं. बायका पानं मांडत होत्या. वहिनी चुलीकडे तोंड करून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊजी, आता ते नायत म्हणून सांगते. चार वर्षांमागं तुमी त्या काळ्या मोली आणल्या होत्या ना, थेट माशांच्या टाकीत सोडलेल्या. त्यांच्या पाठी आमची सगळी टाकी मेली. दहा दिवसांत एक मासा राहिला नाय. तुमाला सांगायचं नाय म्हणून त्यांनी मला शपथ घातली होती."

मी म्हटलं, वहिनी, असं कसं होईल, टाकी तर मी नंतर कितीदा बघितली. भरलेली होती. त्या म्हणाल्या, "मुंबईला जाऊन तसलेच मासे शोधून आणले. तुमाला कळू नये म्हणून."

चार वर्षं, काश्या. चार वर्षं मी तुझ्या दुकानात येऊन त्या टाकीसमोर उभा राहून फुशारकी मारली आणि तू मशीनवर मान खाली घालून काजं करत बसलास. म्हणून आज लिहायला बसलोय. तू समोर असतास तर हे सगळं ओरडून झालं असतं आणि चहा प्यायलो असतो.

आपली ओळखच भांडणातून झाली, हे तरी तुझ्या लक्षात होतं का? मी तेव्हा टोकावड्याच्या नळपाणी योजनेवर नवा लागलो होतो. पंप चालू करायचा, टाकी भरायची, पाण्यात जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायची. वरून कोणीतरी पाणी तपासायला येणार अशी आवई उठली आणि मी घाबरून दुप्पट पावडर ओतली. दुसऱ्या दिवशी सकाळी तू पंपघराच्या दारात. गळ्यात मापाची टेप, हातात वर्तमानपत्राचा कागद आणि कागदावर ओळीने मांडलेले मेलेले गप्पी.

"हे कोणी मारले?" तू विचारलंस.

मी म्हटलं, मासे पाळायचेत तर विहिरीचं पाणी वापरा.

"मासे मेले ते मेले. हेच पाणी आमची पोरं पितात. तुझा हात मोजून पडत नाय का रे?"

मग तू मला पाच मिनिटं झापलंस. मी ऐकून घेतलं, कारण चूक माझी होती. पण संध्याकाळी खोलीवर गेल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. नव्या गावात आल्यापासून जो कोणी माझ्याशी बोलला, त्याने आधी आडनाव विचारलं होतं. आडनाव कळल्यावर कोणी गोड बोलायचं, कोणी तुटक, पण बोलण्याची तऱ्हा बदलायची. तू आडनाव न विचारता शिव्या दिल्यास. नंतर कळलं तेव्हाही त्याच सुरात दिल्यास. मला टोकावड्यात घरच्यासारखं वाटलं ते त्या दिवशी. तुला हे कधी सांगितलं नाही, असल्या गोष्टी सांगत नाहीत.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्या पावडरीनंतर तू तसा झालास. नळाचं पाणी दोन दिवस पिंपात उघडं ठेवल्याशिवाय टाकीत घालायचं नाही. एका वेळी बादलीभरच बदलायचं. मीही तुझ्या नादाने मासे पाळायला लागलो. बदली होऊन खर्डीला घरी गेल्यावर परसात सिमेंटची टाकी बांधली आणि मोलींची पैदास सुरू केली. पण मी हौशी आणि तू कर्मठ. दुकानातल्या भिंतीला लागून तुझी ती चार फुटी टाकी, कापड घेऊन आलेली माणसं तिच्यासमोर बाकावर बसून राहायची आणि कोणी विचारायचा अवकाश, तू कात्री बाजूला ठेवून सुरू व्हायचास.

मासा निवडायचा म्हणजे तुझे प्रश्न ठरलेले. मोठा झाल्यावर केवढा होतो? आज दुकानात दिसतो तेवढा नव्हे, वर्षाने. कुठल्या मजल्यावर राहतो? वर झेब्रा, मध्ये एंजल, तळाला कोरी, म्हणजे कोणी कोणाच्या अंगावर जात नाही. एकटा राहतो की घोळक्यात? झेब्रा सहाच्या खाली आणायचा नाही, एकटा पडला की दुसऱ्यांची शेपटी कुरतडत बसतो. आणि शेवटचा प्रश्न, तोंड केवढं? "ज्याच्या तोंडात जो मावेल, तो त्याच्या पोटात जाईल. मग तो वाईट मासा नाय, तुमी वाईट मालक," असं तू गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचास.

त्या मुरबाडच्या ठेकेदाराचं आठवतं ना. सफारी शिवायला आला आणि तुला खूश करायला पिशवीतून बोटभर लांबीचा, टाकीत पाळायला विकतात तो शार्क घेऊन आला. तू पिशवी उजेडात धरलीस आणि विचारलंस, "हा केवढा होतो?"

"एवढाच राहतो, दुकानदार म्हणाला."

"दुकानदाराला विकायचाय. हा वर्षात हातभर होईल. माझ्या टाकीत त्याला वळायला जागा नाय. परत देऊन या."

ठेकेदार म्हणाला, अरे भेट आहे, ठेवून घे. तू म्हणालास, भेट म्हणून कोणी म्हैस आणली तर मी दुकानात बांधू का? त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कापलेलं कापड उचलून तो निघून गेला आणि पुन्हा तुझ्याकडे फिरकला नाही. तू त्याला अडवलंही नाहीस. मी बाकावर बसून हसत होतो. म्हणजे बघ, तुला तोंड होतं. ठेकेदाराला ऐकवलंस, तलाठ्याला ऐकवलंस, स्वतःच्या मेव्हण्याने गोल्डफिश आणला तेव्हा त्याला ऐकवलंस. तेराव्याला बोललेल्यांपैकी निम्म्यांना तू कधी ना कधी झापलेलं होतंस. मग कुणाला दुखावलं नाही हे कुठून आलं? माणूस मेला की त्याचं तोंड सगळे मिळून शिवून टाकतात.

आणि नवा मासा घरात घ्यायची तुझी ती पद्धत. पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवायची, दिवा बंद, अर्धा तास कोणी बोलायचं नाही. मग पिशवीचं तोंड उघडून कड दुमडायची आणि दर दहा मिनिटांनी पेलाभर पाणी आत. पाण्याची सवय होऊ दे म्हणायचास. मग मासा जाळीने उचलायचा आणि पिशवीतलं पाणी मागच्या कढीपत्त्याला, टाकीत एक थेंब नाही. एवढं करूनही मासा टाकीत जायचा नाहीच. तो जायचा कापायच्या टेबलाखाली ठेवलेल्या निळ्या टबात, छोटा पंप आणि स्पंजचा फिल्टर लावून. एकवीस दिवस. रोज सकाळी टबावर बाहेरून टेलरच्या खडूने एक रेघ. "आधी कच्चे टाके, मग शिवण," असं म्हणायचास. माणसाच्या पँटची ट्रायल एका मिनिटात उरकणारा तू, माशाची ट्रायल तीन आठवडे घ्यायचास. त्या टबाची जाळी वेगळी आणि पाणी ओतायचा स्टीलचा पेलाही वेगळा. चुकून अदलाबदल होऊ नये म्हणून दोन्हींना लाल दोरा बांधलेला.

तो दोरा मला चार वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी पहिल्यांदा दिसला, म्हणजे नीट दिसला. त्याआधी शंभरदा बघितला असेल. पण तोपर्यंत मी तुझ्याकडे मासे नेले नव्हते. माझ्या मोली पहिल्यांदा अंगठ्याएवढ्या, कोळशासारख्या काळ्या झाल्या होत्या. त्यातल्या आठ निवडल्या, पिशवीत हवा भरली, पिशवी टॉवेलात गुंडाळली आणि खर्डी ते शहापूर, शहापूर ते मुरबाड, मुरबाड ते टोकावडे अशी मांडीवर घेऊन आलो. एसटीत कोणाचा धक्का लागला की मी त्याच्यावर खेकसत होतो. तुझ्या दुकानात शिरलो तेव्हा बाकावर दोन-तीन माणसं होती. मला वाटलं होतं तू म्हणशील, वा मिलिंदा, आणि टाकीचं झाकण उघडशील.

तू म्हणालास, "झकास झाल्यात." आणि वाकून टेबलाखालून तो टब ओढलास. मग लाल दोऱ्याचा पेला हातात घेतलास.

आता तू म्हणशील, त्यात काय. त्यात माझा आजा होता, काश्या. माझा आजा म्हशाच्या जत्रेला जायचा, बैल बघायला, कधी घ्यायला. धर्मांतराच्या आधीची गोष्ट. तिथे चहाच्या पालात खांबाला एक कप टांगलेला असायचा, दांड्याला सुतळी बांधलेला. तो आमच्या लोकांचा. त्यातून प्यायचं, आपणच विसळायचा आणि परत खांबाला लावायचा. आजा ते सांगताना आवाज चढवायचा नाही. "सुतळीवाला कप आमचा," एवढंच म्हणायचा, जसं कोणी आपलं शेत दाखवावं. मी सात-आठ वर्षांचा असताना ऐकलेलं ते वाक्य माझ्या पोटात बसून राहिलं होतं आणि त्या दिवशी तुझ्या हातात तो दोरा बघून वर आलं.

मी विचारलं, "हा पेला वेगळा का?"

तू साधेपणाने म्हणालास, "टाकीचा वेगळा, टबाचा वेगळा. तुला माहिताय की."

"माझ्या घरचे मासेसुद्धा वेगळे ठेवणार? बाजारातले नाहीत, माझ्या परसात जन्मलेत ते. त्यांनी तुझी टाकी बाटते काय रे?"

बाटते हा शब्द मी मुद्दाम वापरला. तू माझ्याकडे बघितलंस आणि तुझ्या तोंडाचा रंगच उडाला. तू काहीतरी बोलणार होतास, मी तुझे ओठ हललेले बघितले. मग तू टब पायाने टेबलाखाली सारलास, बिनदोऱ्याची जाळी घेतलीस आणि माझ्या आठही मोली एकेक करून थेट मोठ्या टाकीत सोडल्यास. पिशवी तरंगत ठेवली नाहीस, पेलाभर पाणी घातलं नाहीस. वीस-बावीस वर्षं जपलेली रीत तू दोन मिनिटांत मोडलीस. मग वहिनींना हाक मारून चहा सांगितलास.

मला वाटलं मी जिंकलो. घरी जाताना मी छाती पुढे काढून बसलो होतो.

खरं सांगू, मला तेव्हाही माहीत होतं की तुझ्या मनात तसलं काही नव्हतं. दर बुद्धपौर्णिमेला तू खर्डीला आमच्याकडे खीर खायला यायचास, दोन वाट्या खाऊन तिसरी मागायचास. माझी आई तुला काशी म्हणायची. माझा राग आजाच्या वाटचा होता आणि ज्यांच्यावर काढायचा ती माणसं केव्हाच मेली होती, म्हणून तुझ्यावर निघाला. हे मला कळत होतं. मग तुला कळत नव्हतं?

नंतर महिन्याभराने आलो. टाकी बघितली, मासे फिरताहेत. मी म्हटलं, एंजल जरा बारीक वाटतात. तू म्हणालास, "श्रावण धरलाय त्यांनी." मी हसलो. मग मी विचारलं, ती तुटक्या शेपटीची कुठाय रे, तुझी लाडकी? तू कापडावर खडूने रेघ मारता मारता म्हणालास, "शेपटी भरून आली तिची." माशाची शेपटी भरून येते हे खरं आहे, म्हणून मी विश्वास ठेवला. वर म्हणालोसुद्धा, बघ, माझ्या मोलींचा पायगुण. काश्या, त्या वाक्यावर तरी तू मला स्टूल फेकून मारायला हवं होतंस. ती एंजल तू आठ आण्याच्या नाण्याएवढी असताना आणली होतीस आणि सहा वर्षं हाताने दाणे भरवले होतेस.

त्यानंतर तर मला ऊतच आला. दुकानात येईल त्याला मी सांगत सुटलो, टब-बिब काही लागत नाही, पिशवीतून काढा आणि सोडा, ह्या काशिनाथला विचारा, माझे मासे थेट सोडले, एक तरी मेला का? तू मशीन जोरात चालवायचास. मला वाटायचं हरल्याचा राग आहे. वहिनींनी आता सांगितलं, मी एसटीत बसलो की तू त्या माणसांच्या मागे जायचास आणि हळूच सांगायचास, "मिलिंदाचं ऐकू नका हां. टबात ठेवा तीन आठवडे." म्हणजे गावातल्या सगळ्यांना खरं माहीत होतं. मी एकटा मूर्ख, ज्याच्या मूर्खपणाची सगळ्यांनी मिळून बडदास्त ठेवली.

मला सांग, कशाला? मी ठिसूळ होतो? ठेकेदाराला ऐकवणारं तुझं तोंड माझ्यासमोर कुठे गेलं? तुला म्हणता आलं असतं, मिलिंदा, मासा तपासायचा असतो, माणूस नाय, अक्कल कुठे ठेवलीस. मी दोन दिवस फुगलो असतो, तिसऱ्या दिवशी फोन केला असता. पण बाटते हा शब्द ऐकलास आणि तुला तुझा मित्र दिसेनासा झाला, माझी जात तेवढी दिसली. तू घाबरलास. ह्याला आता काही बोलायचं नाही, ह्याला दुखेल. पंपघराच्या दारात आडनाव न विचारता भांडणारा माणूस त्या दिवशी गेला आणि त्याच्या जागी मला जपणारा एक सभ्य गृहस्थ आला. तो मला नको होता. सगळ्यांशी भांडत राहिलास आणि मला बाजूला ठेवलंस. आजाच्या कपाला सुतळी बांधणारे निदान दिसेल अशी बांधायचे.

लिहून झालं आणि आता हात थांबलाय. हे जरा जास्त झालं. पण खोडणार नाही. तूही कापड कापल्यावर जोडत बसायचा नाहीस.

कारण माझीही एक गोष्ट उरली आहे आणि ती सांगितल्याशिवाय तुझ्यावर ओरडणं म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. त्या मोली माझ्या परसात जन्मल्या हे खरं. पण तुझ्याकडे आणण्याआधी आठ दिवस मी मुंबईच्या बाजारातून एक नर आणला होता, मोठ्या पंखाचा, आणि तो तसाच माझ्या टाकीत सोडला होता. मी तुला हे बोललो नाही. तुझ्या दुकानात माझ्या घरचे मासे म्हणून गर्जत होतो तेव्हा तो नर माझ्या डोळ्यांसमोर होता. त्याच महिन्यात माझ्या निम्म्या मोली गेल्या. मी उन्हाला दोष दिला. खरा दोष त्या नराचा असावा हे मला कळत होतं, म्हणून मी तुला पुन्हा कधी टाकीबद्दल खोलात विचारलं नाही. दोघांनीही मूग गिळले. फरक एवढाच की तुझी टाकी गेली आणि माझी फुशारकी राहिली.

तेराव्यानंतर चार दिवसांनी वहिनींचा फोन आला. टाकीत मासे आहेत पण मधे रिकामं वाटतं, मुलगी म्हणते बाबांच्या दुकानात काळे मासे पाहिजेत, तुमच्या मोली आणाल का? मी पुन्हा आठ निवडल्या आणि तेच तीन एसट्यांचं पारायण केलं. या वेळी पिशवी तुझ्या पद्धतीने बांधली, तिसरा हिस्सा पाणी आणि बाकी हवा. दुकान उघडं होतं. मशीनवर तुझी मुलगी बसली होती, ब्लाउज शिवत. ती आता दुकान चालवणार म्हणते, हात तुझ्याहून बरा आहे.

मी टेबलाखाली वाकलो आणि निळा टब ओढला. त्यात कापडाच्या चिंध्या भरलेल्या होत्या आणि चिंध्यांच्या खाली पेला, दोऱ्यासकट. दोरा विटून गुलाबी झाला होता. मी टब धुवायला घेतला तशा वहिनी आतून धावत आल्या.

"नको भाऊजी, टब नको. थेट सोडा. तुमच्या माशांना टब लावायचा नाय, असं त्यांनी सांगून ठेवलंय."

तुझी शिस्त अशी, की मेल्यावरही पाळली जाते. मी टब तसाच खाली ठेवला आणि त्यांना सगळं सांगितलं. मुंबईच्या नराचं, निम्म्या मोलींचं, उन्हाला दिलेल्या दोषाचं. मुलीने मशीन थांबवलं होतं. बाकावर ट्रायलला आलेल्या दोन बायका होत्या, त्यांनीही ऐकलं. मी म्हटलं, वहिनी, चार वर्षांपूर्वी तुमची टाकी मी मारली आणि मला संशय होता. माझेच मासे आहेत म्हणून तर ते आधी टबात जाणार. आणि यापुढे मी चुकलो तर काश्यासारखं झाकायचं नाही, मला बोलायचं. तुम्हाला माझी शपथ.

वहिनींनी टब उचलला, स्वतः विसळला आणि पिंपातलं मुरलेलं पाणी त्यात भरलं. मी पिशवी तरंगत ठेवली, दिवा बंद केला. दर दहा मिनिटांनी लाल दोऱ्याच्या पेल्याने पाणी घातलं. निघताना मुलीने खडू दिला आणि मी टबावर पहिली रेघ मारली.

आज सातवा दिवस. सकाळी मी खर्डी स्टेशनच्या बाहेर रिक्षाची वाट बघत उभा होतो तेव्हा वहिनींचा फोन आला. नमस्कार नाही, "जेवलात का" नाही.

"भाऊजी, तुमच्या दोन मोलींच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आलेत. टबाच्या कडेला अंग घासतात. तुमी नवा मासा आणला होता का घरी?"

मला आठवलं. दीड महिन्यापूर्वी शहापूरच्या एका माणसाशी जोडी बदलून घेतली होती. थेट सोडली होती. चार वर्षं त्यानेच तर काही होत नाही, असं मी जगाला सांगत होतो. मी हो म्हटलं.

"मंग डोळे कुठं होते तुमचे? आणायच्या आधी नीट बघायचं नाय? एवढं वय झालं, एवढे मासे पाळले, आणि रोग उचलून आमच्या घरी आणता? ते नाय बोलले तुमाला, मी बोलते. आजपासून तुमच्या टाकीत नवा मासा थेट गेला असं मला कळलं ना, तर मी तिथं येऊन टाकी फोडीन. आणि टब काढा तुमच्याही घरी. कळलं का?"

रिक्षावाला समोर थांबून माझ्याकडे बघत होता. मी त्याला हाताने पुढे जायला सांगितलं.

वहिनी बराच वेळ ओरडत होत्या. मी मधूनमधून हो म्हणत होतो. जाडं मीठ किती घालायचं, पाणी जरा उबदार कसं ठेवायचं, ते मी सांगितलं, आणि शेवटचा ठिपका जाईपर्यंत रेघा मोजायच्या नाहीत, तेही. त्या म्हणाल्या की सगळ्या रेघा पुसल्यात, मोठी टाकी ठीक आहे, तिथे अजून कोणाच्या अंगावर काही नाही, आणि तुमी रविवारी येऊन स्वतः बघा, फोनवर अक्कल शिकवू नका. मग त्यांनी फोन ठेवला.

काश्या, तू द्यायच्या होत्यास त्या शिव्या आज मला मिळाल्या. रविवारी येतो आहे.